फिरवायला आणलेलं घड्याळ

माझ्या मावशीचे यजमान रहदारी पोलिसात होते आणि त्यांना सगळे हातवारे म्हणत. नव्या माणसाला ते आडनावच वाटायचं. काकांनी तो गैरसमज कधी दूर केला नाही, कारण त्यांच्या खऱ्या आडनावापेक्षा या नावाला चौकात जास्त वजन होतं.

चौक म्हणजे चार मोठे रस्ते एकमेकांवर येऊन आदळतात ती जागा. मध्ये गोल चौथरा आणि चौथऱ्यावर काका. सिग्नलचे दिवे होते, पण ते मनात आलं तर लागत. दिवे बंद पडले की लोकांना उलट बरंच वाटायचं, कारण मग काका काम करताना बघायला मिळत. त्यांचा डावा हात आडवा झाला की भरलेला ट्रकसुद्धा जागच्या जागी थिजायचा. उजव्या हाताने ते गाड्यांना अशा बोलवायचे, की जणू घरी जेवायलाच या म्हणताहेत. म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळा इशारा, शाळेच्या बससाठी वेगळा. उगीच हॉर्न वाजवणाऱ्यासाठी मात्र हात वाया घालवायचा नाही, फक्त एक भुवई वर करायची.

ही सवय घरी आल्यावरही सुटत नसे. मावशी सांगायची की जेवताना मीठ हवं असेल तर हा माणूस तोंडाने मागत नाही. आधी माझा हात थांबवतो, मग पाण्याच्या तांब्याला थांबवतो आणि मग मिठाला सोडतो.

माझे बाबा म्हणजे त्यांचे साडू. बाबांचं नळांचं मोठं दुकान होतं. नळ, शॉवर, बेसिन, टब, आणि या सगळ्यांच्या मधोमध फिरत्या खुर्चीत बाबा. गिऱ्हाईक डावीकडे गेलं की बाबा खुर्चीसकट डावीकडे वळत. तेही एका पायाच्या अंगठ्याने, बाकीच्या शरीराला काही कळू न देता. नळ दाखवायला माणसं होती, चहा आणायला माणूस होता आणि पैसे घ्यायला मी होते. हातावर हात धरून बसणं हा वाक्प्रचार बाबांच्या जन्माच्या आधीचा आहे, पण तो त्यांच्यासाठीच राखून ठेवला होता असं आई म्हणायची.

आता साडू साडू म्हटलं की जे असतं ते या दोघांतही होतंच. सासऱ्यांनी दोन बहिणी दिल्या, त्या एकमेकींवर जीव टाकत. नवरे मात्र एकमेकांच्या ताटात डोकावल्याशिवाय घास गिळत नसत. काकांनी पंखा घेतला की बाबा कूलर घ्यायचे. बाबांनी सोफा घेतला की काका येऊन त्यावर बसायचे आणि कंबर धरून उठायचे. भांडण कधीच झालं नाही. दोघंही एकमेकांशी इतके गोड बोलत, की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा.

काकांच्या मनगटावर एक चावीचं घड्याळ होतं. नोकरी लागली तेव्हा त्यांनी ते एका जोडी बुटांच्या भावात घेतलं होतं. पांढरी तबकडी, ठसठशीत आकडे, चामड्याचा पट्टा. पट्टा इतक्यांदा बदललेला, की त्यात मूळचं असं फक्त घड्याळ उरलं होतं. रोज सकाळी दाढी झाली की काका डोळे मिटून चावी द्यायचे आणि बोटांना आतून अडल्यासारखं वाटलं की थांबायचे. घड्याळ थोडं पुढे जायचं. कुणी हे दाखवून दिलं तर काका म्हणायचे, ते जरा पुढारलेलं आहे.

एक दिवस बाबांच्या हातात नवीन घड्याळ आलं. काळीभोर तबकडी आणि आकडा औषधालाही नाही, नुसत्या रेघा. पाठीमागे काच, आणि काचेतून आतली अर्धचंद्रासारखी चकती डुलताना दिसायची. हात हलला की चकती फिरते, चकती फिरली की स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते, चावी द्यायला नको. किंमत होती एका नव्या मोटारसायकलीएवढी. ही किंमत अर्थात मला आत्ता माहीत आहे. तेव्हा बाबांनी घरात सांगितलं होतं, की सगळ्यात जास्त नळ विकले म्हणून कंपनीने बक्षीस दिलं, फुकट.

फुकट म्हटल्यावर आईने त्या घड्याळाला फुकटच्या वस्तूसारखंच वागवलं. ती ते साबणाच्या वाटीत ठेवायची. एकदा ती त्यात वेळ पाहायला गेली आणि फुकटात देताना कंपनी आकडे तरी कशाला घालेल म्हणून तिने नाक मुरडलं. स्वयंपाकघरातल्या खिडकीतून वारा आला की दुधाच्या पातेल्यावरचं झाकण उडायचं, तर त्यावर वजन म्हणून ते घड्याळ ठेवायला लागली. बाबा टेबलाशी बसून एकटक पातेल्याकडे बघत राहायचे. आम्हाला वाटायचं, दुधाची किती काळजी.

पण खरी पंचाईत निराळीच होती. घड्याळ बंद पडायला लागलं. बाबा ते दिवसभर मनगटावर घालायचे आणि तरी रात्र उलटली की काटे जागीच उभे. बाबा तणतणत घड्याळाच्या दुकानात गेले. तिथल्या विक्रेत्याने घड्याळ नीट तपासलं आणि त्यात काही दोष नाही असं सांगितलं. मग त्याने अदबीने विचारलं, "साहेब, आपण दिवसभरात काय करता?"

बाबा म्हणाले, धंदा करतो. विक्रेता म्हणाला, ते झालंच, पण म्हणजे हालचाल अशी काय होते. बाबांना बराच वेळ काही आठवेना. शेवटी विक्रेत्याने सुचवलं, की सकाळी जरा फिरायला जात जा, घड्याळ छान चालेल. नाहीतर साध्या घड्याळासारखी चावीही देता येते, या बाजूच्या गुंडीने.

दोन्ही उपाय बाबांना मानवण्यासारखे नव्हते. फिरायला जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आणि चावी? रोज उठून चावीच द्यायची तर साडूच्या घड्याळात आणि आपल्या घड्याळात फरक काय राहिला? मग त्यांना जे सुचलं ते कुठल्याही हुशार आळशी माणसाला सुचेल असंच होतं. ज्या हाताची पाठीमागे चेष्टा करण्यात त्यांनी इतकी वर्षं घालवली, तो हात त्यांना आठवला.

रविवारी काका आणि मावशी घरी आले तेव्हा बाबांनी चहा होईपर्यंत वाट पाहिली. मग घड्याळ काढून काकांच्या समोर ठेवलं आणि म्हणाले, साडूभाऊ, तुमचा हात दिवसभर हलतोच आहे, तो सगळा वाया चाललाय. आठवडाभर हे तुम्ही घाला, रविवारी मला परत द्या. चार लोकांत जाताना मला ते चालू मिळेल.

काकांनी घड्याळ उचललं, उलटं केलं आणि काचेतून आतल्या चकतीकडे बराच वेळ बघितलं. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं स्पष्ट दिसत होतं. साडूची एक वस्तू साडूच्या हातात नीट चालत नाही आणि आपल्या हातात चालणार, याहून मोठं सुख कोणतं? तरी त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. माझं घड्याळ मी उतरवणार नाही, असं त्यांनी बजावलं. ते डाव्या हातात राहील, हे उजव्यात. बाबा म्हणाले, पायात घाला, पण हलवा.

अशी त्या दोन घड्याळांची तुलना सुरू झाली. काका तुलना करायला बसले नव्हते, पण दोन मनगटांवर दोन वेळा असल्या की माणूस दुसरं करणार काय?

पहिला निकाल काकांच्या मनाविरुद्ध लागला. काळं घड्याळ वेळेला पक्कं होतं. रेडिओवर वेळ सांगत तेव्हा त्याचा काटा जिथे असायला हवा तिथेच असायचा. काकांचं घड्याळ मात्र तोवर पुढच्या बातम्यांना पोचलेलं असायचं. मावशी सांगते की त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काळ्या घड्याळाचे दोष शोधायला घेतले, आणि शोधणाऱ्याला ते सापडलेच. उन्हात तबकडीवरच्या रेघा दिसत नाहीत. कुणी वेळ विचारली तर सांगायला मनात पाढे म्हणावे लागतात. कानाशी धरल्याशिवाय टिकटिक ऐकू येत नाही, त्यामुळे चालू आहे की गेलं हे कळायला मार्ग नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे ते जड आहे.

या जडपणाचा परिणाम चौकावर झाला. काकांचा उजवा हात लवकर दुखायला लागला. गाड्यांना जेवायला बोलावणारा तो हात अर्ध्यातच खाली यायचा, आणि मग बाजारपेठेकडून येणाऱ्या गाड्यांची रांग पार बँकेच्या पुढे जायची. शिवाय दुपारच्या उन्हात घड्याळाची काच अशी चमकायची, की समोरचे चालक डोळ्यांवर हात धरायचे. एक दूधवाला थेट फुटपाथवर चढला. काकांनी त्याची पावती फाडली, तर तो म्हणाला, पावती तुमच्या घड्याळाच्या नावाने फाडा.

हळूहळू लोकांच्या नजरा काकांच्या हातावरून मनगटावर यायला लागल्या. एकदा एका लांबलचक गाडीतल्या तरुणाने काच खाली केली, घड्याळ पाहिलं, आणि काकांनी चला म्हटलं तरी तो तिथेच. मागून हॉर्नचा गोंधळ. तो विचारतो, खरं आहे का. काका म्हणाले, खरं आहे, पण माझं नाही.

आता काका शब्दाला एवढे पक्के, पण हे वाक्य त्यांनी जितक्यांदा म्हटलं तितके ते गाळात गेले. चौकात उभा असलेला पोलीस, त्याच्या हातात मोटारसायकलीएवढ्या किमतीचं घड्याळ, आणि विचारलं तर म्हणतो माझं नाही. हात ओले करून घेणारा दुसरं काय म्हणेल? ज्या माणसाने आयुष्यात कुणाचा फुकट चहा घेतला नव्हता, त्याच्याकडे ट्रकवाले डोळा मारून बघायला लागले. एकाने पावतीचे पैसे देताना कानाशी येऊन विचारलं, की जरा जास्त दिले तर दुसऱ्या हातातलंही बदलून होईल का. काकांना काही कळलंच नाही. त्यांनी त्याला सांगितलं, डाव्या हातातलं घड्याळ बदलायचा माझा विचार नाही.

आणि मग एका सकाळी मोठ्या साहेबांची गाडी चौकात आली. काकांनी बाकी तीन रस्ते थांबवले, चौथऱ्यावर टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. सलाम उजव्या हाताने ठोकतात. बाही मागे सरकली आणि काकांच्या कपाळाशी, साहेबांच्या अगदी डोळ्यांसमोर, ते काळं घड्याळ येऊन थांबलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

यात काकांचं दुर्दैव असं, की साहेबांना घड्याळांचं वेड होतं. हेच घड्याळ त्यांनी दुकानाच्या काचेतून कित्येकदा न्याहाळलं होतं आणि दर वेळी काचेतच ठेवून घरी आले होते. किंमत त्यांना तोंडपाठ होती. गाडी पुढे गेली, पण दुपारी काकांना बोलावणं आलं.

साहेबांनी दोन्ही घड्याळं टेबलावर काढून ठेवायला लावली. पांढऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"साडूचं, साहेब."

"मग तुमच्या हातात काय करतंय?"

"फिरवायला आणलंय, साहेब."

"कुत्रं फिरवतात, हातवारे. घड्याळ कोण फिरवतं?"

"हललं नाही तर ते बंद पडतं, साहेब," काका म्हणाले, "आणि माझा साडू हलत नाही."

हे शंभर टक्के खरं होतं, पण सरकारी खोलीत खरं बोललेलं नेहमीच शोभतं असं नाही. साहेबांना वाटलं हा आपली थट्टा करतोय. त्यांनी काळं घड्याळ खणात ठेवून खणाला कुलूप लावलं. मग काकांना सांगितलं, की साडूला घेऊन या, आणि तोवर चौकात उभं राहायचं नाही.

काका घरी जाऊन बसले. मावशीने संध्याकाळी आमच्याकडे फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, पण तिचा आवाज सपाट झाला होता. ती म्हणाली, ताई, हे खुर्चीत बसलेत आणि यांचे हात मांडीवर आहेत. दुपारपासून हललेले नाहीत. आईला तेवढंच पुरे होतं.

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले, मी एकटा जाऊन येतो, पाच मिनिटांचं काम आहे. ज्या माणसाला पाण्याचा पेला भरायला कुणी दुसरं लागतं, तो एकटा पोलिसांच्या कचेरीत जायला निघाला, यातच आईला संशय यायला हवा होता. पण आईच्या डोक्यात बहीण होती. ती म्हणाली, तुम्ही काय बोलणार? मी सांगते साहेबांना, घड्याळ फुकटचं आहे म्हणून. बाबांनी तिची तब्येत काढली, ऊन काढलं, कचेरीचे जिने काढले. आईने चपला घातल्या. मीही निघाले, कारण बाबांचा चेहरा बघून मला वाटलं, यांना कुणीतरी धरायला लागेल.

साहेबांच्या खोलीत आम्ही सगळे मावेनासे झालो. काका टाचा जुळवून भिंतीशी उभे. मावशी त्यांच्या शेजारी. बाबांना खुर्ची दिसली आणि ते बसले. साहेबांनी खण उघडून घड्याळ बाहेर काढलं. ते अर्थातच बंद पडलेलं होतं. खणात कोण हलवणार?

"बघा," आई म्हणाली, "फुकटच्या वस्तूची हीच गत." आणि तिने सुरुवात केली. नळांची कंपनी, सगळ्यात जास्त विक्री, बक्षीस. असली घड्याळं कंपन्या पिशवीभर वाटतात. माझ्या घरात दुधाच्या झाकणावर ठेवायला याचा उपयोग होतो, त्यापलीकडे नाही. यापायी एका सरळ माणसाला घरी बसवलंत, हे काही बरं केलं नाहीत.

दुधाचं झाकण ऐकून साहेबांचा चेहरा कुणी कानाखाली मारल्यासारखा झाला. त्यांनी आईला हळूच विचारलं, तुम्हाला याची किंमत माहीत आहे का? आई म्हणाली, माहीत आहे, काही नाही. तेव्हा साहेबांनी किंमत सांगितली. आई हसली. तिने साहेबांना समजावलं, की तुम्हाला कुणीतरी गंडवलंय.

साहेब म्हणाले, असेलही. पण एवढं महाग घड्याळ कंपनीने फुकट दिलं असेल तर ते का दिलं, हे कंपनीला विचारावं लागेल. आणि ते खरं ठरेपर्यंत हातवाऱ्यांना घरीच बसावं लागेल. त्याला किती दिवस लागतील हे त्यांना सांगता येणार नव्हतं.

तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. कुणी उठा म्हटलं नव्हतं. मी त्यांना असं स्वतःहून उठताना फार क्वचित पाहिलंय, म्हणून ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं आणि आईकडे बघायचं टाळलं.

"कंपनीला विचारू नका, साहेब," ते म्हणाले. "कंपनीनं मला कधी कॅलेंडरसुद्धा दिलेलं नाही. हे मी विकत घेतलंय. तुम्ही सांगितलंत तेवढ्यालाच."

खात्री करायची म्हणून साहेबांनी घड्याळाच्या दुकानात फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडे तोच अदबशीर विक्रेता होता. साहेबांनी घड्याळाचं वर्णन केलं, तर तो म्हणाला, हो हो, ते आमच्याकडूनच गेलंय, नळवाले साहेब. आता चालतंय ना नीट? मी त्यांना फिरायला जायला सांगितलं होतं, जातात का?

साहेबांनी फोन ठेवला. आई बाबांकडे वळली. मला वाटलं आता छप्पर उडणार. पण तिचा आवाज अगदी शांत होता.

"हेच मी दुधाच्या पातेल्यावर ठेवायची?"

"हो," बाबा म्हणाले.

"आणि तुम्ही नुसते बघत बसायचात?"

"हो."

आईने पदर, पर्स, चष्मा असं सगळं सावरलं आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सोडा. यांना ठेवून घेतलंत तरी माझी हरकत नाही."

पहिली हसली ती मावशी. मग ती थांबेचना. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. काकांच्या टाचा जुळलेल्याच होत्या, पण त्यांचा उजवा हात हळूच हलला आणि बाबांना म्हणाला, बसा आता.

खरं तर आम्ही तेव्हाच निघायला हवं होतं. पण साहेबांनी घड्याळ हलवून चालू केलं, स्वतःच्या मनगटावर चढवलं आणि ते काढायचं नावच घेईनात. हात लांब धरून बघतात, जवळ आणून बघतात, बाहीत लपवून एकदम बाहेर काढतात. शेवटी त्यांनी काकांना विचारलं, "हातवारे, तुम्ही दोन्ही वापरलीत. माणसानं घ्यावं कुठलं?"

त्या दिवशी काढायला लावलेलं पांढरं घड्याळ अजून टेबलावरच होतं. त्याच्याकडे बघत काका म्हणाले, की साहेब, खोटं कशाला बोलू, घड्याळ म्हणून काळंच चांगलं. वेळेला पक्कं आहे आणि बसवलंय असं, की एक स्क्रूसुद्धा उगीच नाही. मी दोष काढले ते पोटात दुखलं म्हणून काढले. माझं घड्याळ पुढे जातं. घाम लागला की आतून धुरकट होतं आणि थंडीत हट्टीपणा करतं. दोघांच्या किमतीत फरक आहे तो उगीच नाही.

"मग?" साहेब म्हणाले.

"पण ते हातात असलं की मी घड्याळाकडे बघतो, साहेब. हे असलं की रस्त्याकडे बघतो. आणि मला पगार रस्त्याकडे बघायचा आहे."

साहेबांनी घड्याळ काढून बाबांच्या हातात दिलं. ते बाबांपेक्षा त्यांनाच जड गेलं असावं.

काका दुसऱ्या दिवशी चौथऱ्यावर परत उभे राहिले. त्या दिवशी दिवे चालू होते, तरी लोकांनी दिव्यांकडे लक्ष दिलं नाही. साहेबांनी मात्र एक लेखी हुकूम काढला, की कामावर असताना एकाहून अधिक घड्याळं घालू नयेत. तो हुकूम कचेरीच्या फळ्यावर बरीच वर्षं होता, आणि नवीन भरती झालेले तो वाचून एकमेकांकडे बघत.

आमच्या घरी आईचा हुकूम निघाला, तो त्याहून कडक होता. घड्याळ बाबांच्याच हातात राहील. चावी द्यायची नाही आणि साडूकडे पाठवायचं नाही. ज्या दिवशी ते बंद पडेल त्या दिवशी ते विकायचं आणि त्या पैशात स्वयंपाकघर नवीन करायचं. आईने ओट्यासाठी फरशीचा नमुनासुद्धा आणून ठेवला. रोज सकाळी चहाच्या आधी ती बाबांचं मनगट कानाशी धरायची. तिला कधी एकदा काही ऐकू येत नाही असं झालं होतं.

बाबा फिरायला निघाले ते असे. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत गेले आणि फाटकाला धरून उभे राहिले. मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत, मग शाळेच्या भिंतीपर्यंत. चालताना त्यांचा घड्याळाचा हात दुसऱ्या हातापेक्षा दुप्पट हलायचा, त्यामुळे लांबून ते एका बाजूने वल्हवत चाललेत असं वाटायचं. एका सकाळी ते म्हणाले, आज चौकापर्यंत जातो. आईने मला डोळ्यांनी खुणावलं. हा माणूस खरोखर चालतो की कोपऱ्यावरून बस पकडतो, हे बघायला मी स्कूटर घेऊन हळूहळू मागे गेले.

ते चालले. घामाघूम झाले, दोनदा कठड्यावर टेकले, पण चौकात पोचले. समोर जायचं म्हणजे सगळ्यांत रुंद रस्ता ओलांडायचा होता आणि गाड्यांचा लोंढा सुरू होता. बाबा फुटपाथच्या कडेला उभे राहून मान इकडून तिकडे वळवत राहिले. चौथऱ्यावरून काकांनी त्यांना पाहिलं.

काकांचा डावा हात आडवा झाला. मग उजवा. मग ते जागच्या जागी वळले आणि उरलेले रस्तेही थांबले. एका जाड, दमलेल्या माणसासाठी चारी बाजूंनी अख्खा चौक उभा राहिला. बाबा निघाले. मधोमध पोचले आणि त्यांचा दम संपला. तिथेच गुडघ्यांवर हात टेकून ते वाकले. एक हॉर्न वाजला आणि काकांच्या भुवईने तो जागीच दाबला.

मग काका चौथऱ्यावरून खाली उतरले. कामाच्या वेळात ते कधी उतरत नसत. त्यांनी बाबांच्या दंडाला धरलं आणि दोघं साडू अगदी सावकाश, काहीतरी बोलत, रस्ता ओलांडायला लागले. चौथऱ्यावर आता कुणीच नव्हतं. तरी गाड्या जागच्या हलल्या नाहीत. मीही स्कूटर बंद करून त्यांच्यातच उभी होते. पलीकडे पोचल्यावर काकांनी बाबांना एका दुकानाच्या पायरीवर बसवलं, दुकानदाराकडे पाणी मागितलं, आणि मागे वळूनही न पाहता उजवा हात नुसता हलवला. चौक सुटला.